गणपूर्ती

एकोणीस वर्षं मी या पंचायतीचा शिपाई.
सभेच्या आदल्या संध्याकाळी कर्णा घेऊन फिरायचो
खारवीवाडी, मोहल्ला, बौद्धवाडी, मग चढण चढून कुणबीवाडी.
"उद्या सकाळी धा वाजता शाळेच्या पडवीत ग्रामसभा हाय होऽऽ"
कुत्रीसुद्धा मान वर करायची नाहीत.

दहा वाजता होड्या धक्क्याला लागतात.
दहा वाजता बर्फ फुटतो, लिलाव चढतो,
वरची माणसं दुसऱ्यांच्या कलमांत फवारणीला गेलेली असतात.
हे सगळ्यांना ठाऊक होतं.
ज्यांनी वेळ ठरवली, त्यांना जरा जास्तच.

अकराला ग्रामसेवक घड्याळ बघायचे.
"शंभर नाहीत. तहकूब."
आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही,
कायद्यातली एवढी एकच ओळ आमच्या गावाने पाठ केलेली.
पुढच्या आठवड्यात सात माणसं,
एक परात कांदाभजी,
अकरा ठराव.
अशाच एका सभेत स्वागताची कमान मंजूर झाली.
त्या साली बांधाच्या उघाडीच्या फळ्या कुजल्या,
खाडी खाजणात शिरली,
आणि कमानीवर लिहिलं होतं: सुस्वागतम्.

सभा झाली की मी वही काखेत मारून दारोदार.
सही असेल तर सही, नाहीतर अंगठा.
यमुनी जाक्कर कोळंबी सोलत होती.
हात न पुसताच म्हणाली,
"अंगठा देतंय. वर काय लिवलंय ता आधी वाच."
वाचलं.
इतकी वर्षं ती वही मी वाहिली होती,
वाचली त्या दिवशी.
"यात उघाडीच्या फळ्या खय हायत?"
नव्हत्या.
"मग माजा अंगठा पण नाय."

पानावर एक रकाना मोकळा राहिला
आणि कोळंबीच्या पाण्याचा एक डाग,
जो ग्रामसेवकांनी खोडरबरने पुसून पाहिला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच माहीत आहे.
यमुनी मोहल्ल्यात गेली, खैरुन्निसा होडेकरकडे.
तिच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक.
दोघी बौद्धवाडीत सुभद्राबाई तांब्यांकडे,
जिला अर्ज लिहिता येतो आणि पोच मागता येते.
अर्जात मागणी एकच:
सभा भांगात घ्या.
अष्टमी-नवमीला पाण्याला ओढ नसते,
डोली सैल लोंबतात,
माणसं जाळी शिवत नुसती बसलेली असतात.
आणि वेळ दुपारी चारची, म्हणजे वरचे उतरतील.
सरपंच हसले. "आता पंचायत तिथी बघून चालवायची?"
सुभद्राबाई म्हणाल्या, "कमानीचा मुहूर्त बघितला होतात की."

भांगातली अष्टमी. चार वाजले, सव्वाचार.
कर्णा यमुनीच्या नातवाने ओढून घेतला होता,
मी मोकळ्या हाताने पडवीत उभा.
माणसं आली. चपलांचा ढीग झाला.
कुणी भांडायलाच आलं होतं, कुणी बघायला,
रावजी मांडवकर तर कमानीचं बिल मागायला.
ग्रामसेवकांनी मोजलं: सत्त्याण्णव.
पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव.
त्यांचा हात घड्याळाकडे जाताना मी पाहिला.

"ह्यो उभा हाय तो?" यमुनी म्हणाली.
"तो शिपाई."
"मतदार नाय?"

एकोणीस वर्षांत वहीत माझं नाव नव्हतं.
सुतळीला बांधलेलं पेन मी शेकडो हातांत दिलं,
माझ्या बोटांना ते अवघडच गेलं.
अठ्ठ्याण्णव.
तेवढ्यात तरीतून दोघं उतरली,
पिशव्या खाली न ठेवताच विचारत होती, काय चाललंय?

फळ्यांचा ठराव झाला.
त्या आधी दीड तास भांडण झालं,
लाकूड ऐनाचं की सिमेंटच घालायचं, यावर,
आणि ते अजून मिटलेलं नाही.
तीन खाजणं यंदाही खारीच आहेत.
कमानीच्या बिलाची प्रत रावजीला अजून मिळायची आहे.

पण पुढची तारीख भिंतीवर लिहिली आहे,
शेजारी कोळशाने कुणीतरी: भांग.
आणि वही आता माझ्या काखेत नसते.
पडवीत ठेवलेली असते, उघडी.
लोक येतात, वरचं वाचतात,
काही जण सही न करताच जातात.